पंधरा म्हणजे विसाला पाच कमी : योरुबा आकड्यांची उलटी चाल

मुक्काम इबादान (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. या विभागात पहिल्यांदाच लिहितोय, चूकभूल द्यावी घ्यावी.

नोकरीच्या निमित्तानं १९९४ ते ९९ अशी पाच वर्षं नायजेरियातल्या इबादानला काढली. इबादान म्हणजे योरुबा लोकांचं जुनं, ऐसपैस पसरलेलं शहर. टेकडीवरून पाहिलं तर नजर पोचेल तिथवर गंजून तांबूस झालेले पत्रे. तिथल्या बोदिजाच्या बाजारात एक मावशी संत्री विकायच्या. तिकडची संत्री पिकली तरी सालीनं हिरवीच असतात. मावशी धारदार पात्यानं साल अशी काढायच्या की हिरवी पट्टी सापासारखी लांबलचक खाली लोंबायची आणि आतला पांढरा पापुद्रा जिथल्या तिथे. मग वरून एक टवका उडवायचा आणि संत्रं पिळत पिळत चोखायचं.

मी दहापर्यंत घोकून गेलो होतो : ऑकां, एजी, ॲता, ॲरिं, आरूं, ॲफा, एजे, ॲजॉ, ॲसां, ॲवा. मावशी टोपलीत संत्री टाकत मोठ्यानं मोजत होत्या. अकरा, बारा, तेरा, चौदा : ऑकांला, एजीला, ॲताला, ॲरिंला. म्हटलं हे तर सोपं आहे, दहावर एक, दहावर दोन. पंधरावं संत्रं त्यांच्या हातात असतानाच मी शहाणपणा करून ओरडलो, "आरूंला!"

शेजारच्या दोन गाळ्यांवरच्या बायकासुद्धा हसल्या. मावशींनी संत्रं टोपलीत टाकलं आणि म्हणाल्या, "ॲदोगूं."

संध्याकाळी शेजारी राहणाऱ्या शाळामास्तरांकडे गेलो. त्यांनी वहीच्या मागच्या पानावर लिहून दाखवलं. वीस म्हणजे 'ओगूं'. 'दिं' म्हणजे कमी होणं, घटणं. 'ले' म्हणजे वर असणं. चौदापर्यंत मागच्या दहावर चढवत जायचं. पंधरा आलं की मान वळवायची आणि पुढच्या विसाकडे बघायचं. पंधरा : विसाला पाच कमी. सोळा : ॲरिंदिंलोगूं, विसाला चार कमी. सतरा तीन कमी, अठरा दोन कमी, एकोणीस एक कमी. एकवीस ते चोवीस पुन्हा 'ले' लावून विसावर. पंचवीस झाले की तिसाला पाच कमी. पुढे सगळी वाट अशीच : चार पावलं मागच्या मुक्कामावरून, पाच पावलं पुढच्या मुक्कामाकडून.

आता खरी गंमत. हे मुक्काम आपल्यासारखे दहाचे नाहीत, विसाचे आहेत. चाळीस म्हणजे ओगोजी, वीस-दोन. साठ ऑगॉता, वीस-तीन. ऐंशी ऑगॉरिं, वीस-चार. शंभर ऑगॉरूं, वीस-पाच. मग पन्नास? पन्नास म्हणजे 'आदॉता' : तीन विसांना दहा कमी. सत्तर, चार विसांना दहा कमी. नव्वद, पाच विसांना दहा कमी. (तिसाला मात्र स्वतंत्र शब्द आहे, ऑग्बां. तो कुणाचा देणेकरी नाही.)

म्हणजे शेहेचाळीस कसं होईल बघा. शेहेचाळीस हे पन्नासाला चार कमी. पन्नास हे साठाला दहा कमी. साठ म्हणजे तीन विसा. तीन विसा, त्यातून दहा काढा, त्यातून चार काढा. उधारीतली उधारी. आणि हे सगळं मावशी दुसऱ्या हातानं माशी हाकलत म्हणायच्या.

माझं म्हणणं एवढंच की ही आकडेमोड नाही. बोलणाऱ्याच्या डोक्यात वजाबाकी होतच नसते. तो पुढच्या टप्प्यावर उभा राहून मागे बघतो. आपणही 'पावणेसहा' म्हणताना सहातून पाव वजा करत बसत नाही, सहाच्या दाराशी उभे असतो.

आणखी कुणाला आफ्रिकेतल्या भाषांचे असे अनुभव असतील तर लिहा. मला एकच भाषा ठाऊक आहे, तीही बाजारातली.

चिंचोका

वाह! वाचनखूण साठवली. एक शंका : हे उच्चार देवनागरीत नेमके बसतात का? 'ऑग्बां'मधला 'ग्ब' कसा म्हणायचा?

मुक्काम इबादान

@चिंचोका, नेमके बसत नाहीत. 'ग्ब' हे जोडाक्षर नव्हे, ग आणि ब एकाच वेळी. घसा आणि ओठ एकदम बंद करून एकदम सोडायचे. मला तीन महिने लागले, तरी आमचा ड्रायव्हर शेवटपर्यंत हसायचा.

आणि सूर तर मी लिहिलेलेच नाहीत. उंच, मधला, खालचा असे तीन सूर आहेत आणि सूर बदलला की शब्द बदलतो. दोनशेला 'इग्बा' म्हणतात, दोन्ही स्वर मधल्या सुरात. दुसरा स्वर वर नेलात की झाला भोपळा, म्हणजे सुकवून भांडं करतात तो. दोन्ही खाली आणलेत की 'वेळ'. मी एकदा दोनशे नायरा (तिथलं चलन) मागायला गेलो आणि भोपळा मागून आलो. समोरच्यानं आतून खरंच भोपळ्याचं भांडं आणून दिलं, अजून घरात आहे. बायको त्यात लसूण ठेवते.

तिरपागडा

चांगला धागा. पण 'वजाबाकी होतच नसते' हे जरा धाडसाचं विधान नाही का? आपल्याला एकोणीस पाठ असतं म्हणून ते कळतं. एकोणीस मध्ये 'एक उणा' आहे हे निम्म्या लोकांना माहीतही नसतं. पाठांतर आणि दृष्टिकोन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

गणिती घोडा

तिरपागडा यांच्याशी अर्धा सहमत. एकोणीस हे 'एकोनविंशति'वरून आलं, एक + ऊन + विंशति. तोच 'ऊन' पाऊणमध्ये आहे : पाद + ऊन, पाव उणा. म्हणजे आपल्या रोजच्या बोलण्यात 'दिं' बसलेलाच आहे, फक्त तो एकाच्या आणि पावाच्या पुढे गेला नाही. आपण कधी 'दोन उणे वीस' म्हणत नाही. लॅटिनमध्ये मात्र अठराला विसाला दोन कमी, एकोणिसाला विसाला एक कमी असंच म्हणायचे. योरुबानं ती गाडी पाचापर्यंत नेली, आणि दहाच्या पायरीवर, शंभराच्या पायरीवर परत तीच चाल. ही सुसंगती मोठी आहे.

अजून एक बघा. मराठीत २९, ३९, ४९... ८९ पर्यंत एकोण- टिकतो. ८९ एकोणनव्वद. हिंदीत मात्र तिथे नवासी, म्हणजे नऊ-ऐंशी. आणि मराठीतसुद्धा ९९ ला आपण शेपूट घालतो : नव्याण्णव. 'एकोणशंभर' कुणी म्हणत नाही. का? मला उत्तर माहीत नाही, पण शाळेपासून खटकतंय.

पोळपाट

आम्ही डर्बनला आठ वर्षं होतो. तिथल्या झुलू भाषेत बोटांवर मोजतात आणि शब्दही बोटांचेच आहेत. डाव्या हाताची पाच बोटं झाली की उजव्या हाताचा अंगठा. म्हणून सहा म्हणजे 'इसिथुफा', अंगठा. सात 'इसिखोम्बिसा', म्हणजे दाखवणारं बोट, आपली तर्जनी. आठ म्हणजे 'इसिशियागालोम्बिली' : दोन (बोटं) मागे ठेवलेली. नऊ 'इसिशियागालोलुन्ये' : एक मागे ठेवलेलं. 'शिया' म्हणजे सोडणं, मागे ठेवणं. इथेही वजाबाकीच!

पण आठ म्हणेस्तोवर चहा निवतो. आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताई फोन नंबर सांगताना सरळ इंग्रजी आकडे सांगायच्या. वय, किंमत, घड्याळ सगळं इंग्रजीत. झुलू आकडे मी ऐकले ते त्या एकदा आपल्या नातवाला बोटं धरून शिकवत होत्या तेव्हाच. अंगठ्याशी आल्या की त्याचा अंगठा जरासा ओढायच्या, तो खिदळायचा.

मुक्काम इबादान

@पोळपाट ताई, सुरेख! हे मला मुळीच माहीत नव्हतं. अंगठा ओढण्याचा तपशील फार आवडला.

@तिरपागडा, मुद्दा मान्य, पण थोडा वाद घालतो. शंभरापर्यंत पाठांतर असेल असं धरू. पुढचं काय? योरुबात दोनशे हा नवा मोठा मुक्काम. ६०० म्हणजे ॲग्बॅता, तीन दोनशे. ८०० म्हणजे चार दोनशे. हजार म्हणजे 'ॲग्बॅरूं', पाच दोनशे! (३०० आणि ४०० ला तेवढे वेगळे शब्द आहेत, ऑदुंरूं आणि इरिंवो.) ५०० म्हणजे ॲदॅग्बॅता : तीन दोनशेंना शंभर कमी. ७००, चार दोनशेंना शंभर कमी. आणि ३००० तर 'ॲग्बॅदोगूं' : पंधरा दोनशे. त्या पंधरामध्ये परत तो 'विसाला पाच कमी' लपलेला! हे सगळे शब्द मास्तर कागदाशिवाय तयार करायचे. १८५ विचारलं तर 'दोनशेला, विसाला-पाच-कमी, कमी.' म्हणजे दोनशेला पंधरा कमी. मोठ्या आकड्याला कधी कधी दोन-तीन वेगळ्या वाटांनी नाव देता येतं, आणि जुनी माणसं कुठली वाट देखणी यावर वाद घालतात. माझ्या डोळ्यांदेखत दोन म्हाताऱ्यांचा झालाय, बिअरच्या टेबलावर. पाठांतर असतं तर वाद कशाला झाला असता?

नाणेघाट

जुन्या नोटा जमवतो, म्हणून टपकलो. नायजेरियाच्या ५० नायराच्या नोटेवर हीच किंमत तीन देशी भाषांत छापलेली आहे, आणि तिन्हींचं डोकं तीन दिशांना! हौसामध्ये 'हम्सिन', म्हणजे सरळ अरबी. योरुबात तुमचं 'आदॉता', तीन विसांना दहा कमी. आणि इग्बोमध्ये 'इरी नायरा इसे' : दहा (नायरा) पाच. दहा-पाच म्हणजे पन्नास, आणि नायरा मध्येच घुसलाय.

इग्बो लोकही पूर्वी विसानंच मोजत. त्यांचा वीस 'ओगू' आणि चारशेला 'न्नू' असा स्वतंत्र शब्द. पन्नास म्हणजे दोन ओगू आणि दहा. वजाबाकी नाही, नुसती बेरीज. आता छापील व्यवहारात दहाची पद्धत आली, ती नोटेवर दिसते. नायरासुद्धा १९७३ सालचा, त्याआधी पौंड-शिलिंग-पेन्स होते.

मांडवीकाठ

आमच्या गोंयकारांच्या घरात नैरोबीचा एक तरी काका असतोच! आमचा काका पंचवीस वर्षं तिथे रेल्वेत होता. स्वाहिलीत मोठे आकडे अरबीतून आलेले : वीस 'इशिरिनी', तीस 'थेलाथिनी'. एकआकडीतसुद्धा सहा, सात, नऊ हे अरबी (सिता, साबा, तिसा), पण मध्ये आठ मात्र त्यांचं स्वतःचं, 'नाने'. दोन पाहुण्यांच्या मध्ये घरचा माणूस दाटीवाटीनं बसलाय असं काका म्हणायचा. आणि एक लाखाला 'लाकी'! हा शब्द आपल्याकडून गेलेला. काका सांगायचा, तिकडे माझा पगार कधी लाकीत पोचला नाही पण शब्द ऐकून बरं वाटायचं.

अवांतर : त्यांचं घड्याळ सूर्य उगवला की सुरू होतं. सकाळचे सात म्हणजे 'साआ मोजा', पहिला तास. काकानं सुरुवातीला एकाला दोन वाजता बोलावलं, तो सकाळी आठला हजर.

गुरुजी झेडपी

मी तीस वर्षं पहिली-दुसरीला शिकवलं. मंडळी, कौतुक पुरे. मुलांच्या बाजूनंही बघा.

'एकोणसाठ लिहा' म्हटलं की वर्गातली निम्मी पोरं ६९ लिहितात. त्यांच्या कानावर 'साठ' पडलेलं असतं, नि नऊ कुठेतरी आहे हे त्यांना आठवत असतं. मग साठाच्या घरात नऊ. चूक त्यांची नाही, शब्द त्यांना पुढच्या घरात नेतो आणि आकडा मागच्या घरात असतो. ही अडचण आमच्याकडे दहात एकदा येते. या योरुबा पोरांना दहात पाचदा येत असणार! त्यात आपल्याकडे बावन्न, त्रेपन्न, चोपन्न. यात पन्नास कुठे दिसतो का? शंभर शब्द शंभर वेळा घोकावे लागतात.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशी जोडून वाचायची रीत दिली तेव्हा केवढा गदारोळ झाला. भाषा मेली म्हणाले. मी तेव्हाही म्हटलं होतं, पोराला आधी एकवीसमध्ये दोन दहा नि एक आहे हे कळू दे, मग एकवीस म्हणेलच की तो.

मुक्काम इबादान

@गुरुजी, तुमच्या अनुभवापुढे मी काय बोलणार. पण दोन गोष्टी.

एक, योरुबातल्या पोराला घोकावं फार कमी लागतं. एक ते दहा, वीस, तीस, दोनशे आणि 'ले' नि 'दिं' हे दोन शब्द. बाकी जवळजवळ सगळं त्यातून घडतं, थोडे स्वर इकडेतिकडे होतात तेवढंच. आपलं उलट : गणित सोपं, शब्द अवघड. त्यांचं गणित अवघड, शब्द सोपे. कुठलं ओझं बरं, ते मला सांगता येत नाही.

दोन, तिथेही तुमच्याच बाजूचे लोक आहेत आणि ते जिंकताहेत. शाळेत गणित इंग्रजीत. शहरातली तरुण मुलं योरुबा बोलता बोलता आकडा आला की इंग्रजीत घुसतात. मास्तरांचा थोरला मुलगा बँकेत होता, त्याला ७५ योरुबात सांगताना बापासमोर घाम फुटायचा. मास्तर चिडायचे आणि मला पुढे करायचे, "हा परदेशी सांगेल!" त्या मुलानं माझा किती राग केला असेल.

चिंचोका

पण मुळात हे असं का झालं असेल? विसाचं समजू शकते, हातापायाची बोटं. वजाबाकी कुठून आली?

मुक्काम इबादान

@चिंचोका, याला एक प्रसिद्ध उत्तर आहे आणि त्यात आपलाही हिंदी महासागर आहे. जरा लांबण लावतो.

उत्तर आहे कवड्या. एकोणिसाव्या शतकात योरुबा मुलखात चलन होतं कवडीचं. अडॉल्फस मान नावाचा जर्मन मिशनरी तिथे होता, त्यानं १८८७ साली योरुबा आकड्यांवर निबंध छापला. (त्याच्याही आधी, १८४३ साली, सॅम्युएल अजायी क्राउदर यांचा योरुबा शब्दसंग्रह आला होता. क्राउदर स्वतः योरुबा, पोरवयात गुलाम म्हणून विकले गेलेले, ब्रिटिश आरमारानं जहाजावरून सोडवलेले, पुढे बिशप झाले.) मोजण्याची रीत अशी सांगतात : कवड्या मोजणारा ढिगासमोर बसतो, पाच-पाच उचलतो. चार वेळा झालं की विसाचा छोटा ढीग. असे पाच ढीग एकत्र केले की शंभर. दोन शंभर एकत्र सारले की दोनशे, म्हणजे इग्बा. पाच, वीस, दोनशे हे आकड्यांचे सांधे या हाताच्या हालचालीतून आले, असं मानचं म्हणणं.

पुढचे मापही बघा. चाळीस कवड्यांची एक माळ. पन्नास माळांचं एक 'डोकं', म्हणजे दोन हजार. दहा डोक्यांचं एक पोतं, वीस हजार. या पोत्याला 'ऑकॅ' म्हणतात आणि वीस हजार या आकड्याचंही तेच नाव! आकडा म्हणजेच पोतं. एक कवडी सुमारे ग्रॅमभराची धरली तरी पोतं वीसेक किलोच्या घरात. बायका ते डोक्यावरून नेत.

आणि त्या कवड्या कुठल्या? बऱ्याचशा मालदीवच्या. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता १३४० च्या दशकात मालदीवमध्ये काझी होता. तो लिहितो, तिथे एका सोन्याच्या दिनाराला चार लाख कवड्या मिळतात, कधी बारा लाखही. आणि बंगाली व्यापारी तांदूळ देऊन त्या नेतात. पुढे काही वर्षांनी तोच माणूस पश्चिम आफ्रिकेत पोचला तर तिथे दिनाराला ११५०! पुढे पोर्तुगीज, डच, इंग्रज सगळ्यांनी याच कवड्या जहाजांत भरून गिनीच्या किनाऱ्यावर नेल्या, आणि त्यांच्या बदल्यात माणसं विकत घेतली. आपण 'कवडीमोल' म्हणतो तेव्हा हे डोक्यात येत नाही. मला तरी इबादानला जाईपर्यंत आलं नव्हतं.

गणिती घोडा

बंगालात कवड्या चारानं मोजत : चार कवड्यांचा एक गंडा, वीस गंड्यांचा एक पण, सोळा पणांचं एक काहण. म्हणजे १२८०. तीच कवडी, पण हात वेगळा पडला.

पण मानसाहेबांची गोष्ट मला थोडी गोड वाटते. पाचाच्या मुठीनं १५ आणि २५ कळतात. १६, १७, १८, १९ चं काय? एक कवडी कमी हा हाताच्या हालचालीत कुठे आहे? आणि कवड्या येण्याच्या आधी लोक बकऱ्या, कंद काहीच मोजत नव्हते का? आकडे आधीचे आणि कवडीची सवय नंतर त्यांच्यावर बसली, असंही असेल.

मुक्काम इबादान

@गणिती घोडा, मलाही ती गोष्ट पूर्ण पटत नाही. पण एक सुचवतो. मोजणाऱ्याला रस ढीग पुरा होण्यात असतो. ढीग विसाचा हे ठरलेलंच आहे, तुमचा ढीग सोळावर अडला तर तो 'चार कमी' असंच म्हणणार. दुकानदार नाही का म्हणत, "डझनाला दोन कमी आहेत, चालतील?" तो दहा म्हणत नाही.

माडाची सावली

आमच्या आज्याला शंभरापर्यंत येतच नव्हतं. 'तीन इसा नि धा' म्हणजे सत्तर. 'पाच इसा' म्हणजे शंभर. नारळ, पेंढ्या सगळं इसानं. आणि घाटावरचे धनगर खाली उतरले की मेंढरं खंडीत सांगायचे, एक खंडी म्हणजे वीस. तेव्हा विसाचं एवढं नवल नको, शाळा आली नि गेलं ते आपल्याकडून.

खारीक

कोपनहेगनहून : डॅनिशमध्ये पन्नास म्हणजे 'अर्धा तिसरा गुणिले वीस'! आता रोज बोलताना तो लांब शब्द अर्धाच म्हणतात. इथे आल्यावर भाषेच्या वर्गात सगळे परदेशी कपाळाला हात लावून बसले. मला एकटीला हसू आलं. आपलं अडीच म्हणजे तरी काय, 'अर्धतृतीय', अर्धा तिसरा. आणि आजोबा साडेतीनला औट म्हणायचे, तो अर्धा चौथा. योरुबाचा पन्नास आणि डॅनिशचा पन्नास दोघेही तिसऱ्या विसात अर्ध्यावर उभे आहेत की!

मुक्काम इबादान

@खारीक, दंडवत! दहा म्हणजे अर्धा वीस, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी तीस वर्षं 'साठाला दहा कमी' घोकतोय.

तिरपागडा

हं. हे मात्र माझ्या विरुद्ध जातंय. अडीच म्हणताना मी तिसऱ्याच्या अर्ध्यात उभा असतो का? कदाचित पणजोबा असतील.

सेनेगलमधल्या डाकारचं एक टाकतो आणि गप्प बसतो. तिथे दोन वर्षं होतो. तिथल्या वोलोफ भाषेत सहा म्हणजे पाच-एक, सात म्हणजे पाच-दोन, तिथवर ठीक. पण बाजारात किंमत सांगताना ते फ्रँक मोजत नाहीत, पाच फ्रँकचं नाणं मोजतात. 'शंभर' म्हणाले की द्यायचे पाचशे! पहिल्या दिवशी मी शंभराचं नाणं पुढे केलं आणि आंबेवाली माझ्याकडे अशी बघायला लागली की मी तिच्या दारात भीक घालतोय.

गुरुजी झेडपी

आमच्याकडे १९५७ साली आणे गेले, तरी आमची आई पंचवीस पैशाला मरेपर्यंत चार आणे म्हणायची. त्या आंबेवालीला माझा नमस्कार.

पोळपाट

धागाकर्ते, वस्तू मोजताना आणि नुसते आकडे म्हणताना शब्द तेच राहतात का हो? झुलूत वस्तूप्रमाणे आकड्याला पुढे काहीतरी चिकटतं.

मुक्काम इबादान

थोडं बदलतं. नुसतं मोजताना 'ॲता', पण तीन संत्री म्हणताना 'ऑसां मॅता', पुढे एक म् लागतो आणि आकडा वस्तूच्या मागे जातो. तिसरा म्हणायला 'ॲकॅता'. तिन्हीच्या तिन्ही म्हणायचं तर 'मॅतॅता', शब्दच स्वतःला दुमडून घेतो. आपलं 'तिन्ही' तसंच नाही का थोडंसं.

सुमनआजी

मी फक्त वाचते, लिहीत नाही कधी. नातवानं टाइप करून दिलंय. मला पंचाहत्तरावं लागलं गेल्या महिन्यात. तुमच्या त्या भाषेत माझं वय काय होईल हो?

मुक्काम इबादान

आजी, वाढदिवसाच्या शुभेच्छा! 'आरूंदिंलॉगॉरिं'. ऐंशीला पाच कमी.

सुमनआजी

अगंबाई. मग मला आत्ताच ऐंशीत नेऊन बसवलंत की. गेल्या वर्षी काय होते मी?

मुक्काम इबादान

गेल्या वर्षी सत्तरावर चार होतात. तेव्हा मागे बघत होतात, आता पुढे.

सुमनआजी

नातू म्हणतो ते सत्तरसुद्धा ऐंशीला दहा कमीच आहे ना. म्हणजे पहिल्यापासून ऐंशीच चाललंय. चला, मग लवकर जेवून घेते.